मुदत ठाऊक असलेले स्थलांतर

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आम्हांला घसारा शिकविला जातो. यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून ते झिजू लागते, म्हणून दरवर्षी त्याच्या किमतीचा एक भाग खर्ची टाकावयाचा, ही गोष्ट लवकरच अंगवळणी पडते. पण ते यंत्र नेमके कधी बंद पडेल हे कोणीच सांगू शकत नाही. दहा वर्षे धरावीत तर ते बारा वर्षे चालते, नाही तर आठव्या वर्षीच भंगारात जाते. सगळा अंदाजाचा मामला. ह्याउलट एक मालमत्ता अशी आहे की, तिचा शेवटचा दिवस तारीखवार आणि काही वर्षे आधी जाहीर झालेला असतो, आणि तरीही तो दिवस उजाडला म्हणजे ती वापरणारे गडबडून जातात. ही मालमत्ता म्हणजे संस्थेचे संकेतस्थळ ज्या सॉफ्टवेअरवर उभे असते ते सॉफ्टवेअर.

विषय रुक्ष आहे हे मान्य. कथा-कवितांच्या शेजारी तो शोभेल की नाही ही शंका मलाही आहे. परंतु वाचनालये, पतसंस्था, शाळा, नाट्यमंडळे ह्यांचे दप्तर हळूहळू कपाटातून उठून संकेतस्थळावर गेले आहे. निवडणुकीची सूचना, वार्षिक अहवाल, शिष्यवृत्तीचे नियम, जुने अंक हे सारे तेथे ठेवून आपण निर्धास्त झालो आहोत. कागदाला वाळवी लागते हे आपल्याला कळते, कारण भुगा दिसतो. संकेतस्थळाला काय लागते हे दिसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी तरी लिहिले पाहिजे.

नुकतेच घडून गेलेले एक मोठे उदाहरण घेते. ड्रुपल नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. बेल्जियममधील ड्रीस बाउतार्ट ह्या विद्यार्थ्याने त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. नावाची कथा गमतीची आहे. आपल्या छोट्याशा संकेतस्थळाला त्याला ‘दोर्प’, म्हणजे डच भाषेत खेडे, असे नाव द्यावयाचे होते. टंकताना अक्षरे उलटसुलट झाली आणि ‘ड्रॉप’ असे नाव पडले. मग थेंबाला डच भाषेत जो शब्द आहे त्यावरून सॉफ्टवेअरचे नाव ड्रुपल झाले. प्रत्येक पान हाताने न रचता, चौकटीत मजकूर भरून ते प्रसिद्ध करता यावे, ही त्यामागील सोय. शिवाय ते फुकट. त्यामुळे विद्यापीठांपासून सरकारी खात्यांपर्यंत पुष्कळांनी ते घेतले. २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे संकेतस्थळही त्यावर गेले होते.

ह्या ड्रुपलची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी निघाली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा पाठिंबा संपला. बरोबर चौदा वर्षे. सॉफ्टवेअरच्या जगात हे आयुष्य भीष्माचार्यांचे म्हणावे लागेल. पण मुळात ही मुदत २०२१ च्या नोव्हेंबरात संपावयाची होती. कोरोनाच्या साथीमुळे ती नोव्हेंबर २०२२ पर्यंत वाढविण्यात आली. पुढे नोव्हेंबर २०२३ पर्यंत. आणि शेवटी जानेवारी २०२५ पर्यंत. तीन वेळा मुदतवाढ मिळूनही अखेरच्या दिवशी जुन्या आवृत्तीवर चालणारी संकेतस्थळे लाखांच्या घरात होती. मुदत वाढविणाऱ्यांचा हेतू चांगला होता ह्यात संशय नाही. साथीच्या काळात कोण स्थलांतर करणार होते? तरीही मला वाटते की, पहिली वाढ न्याय्य होती आणि पुढच्या दोन वाढींनी लोकांना थांबावयास शिकविले. घरपट्टीच्या सवलतीची तारीख एकदा पुढे गेली की पुढच्या वर्षी निम्मे गाव ‘वाढेल की’ म्हणून घरीच बसते, तसलाच हा प्रकार.

पाठिंबा संपला म्हणजे काय झाले? तर दिसण्यासारखे काहीच झाले नाही. ६ जानेवारीच्या सकाळी ती सगळी संकेतस्थळे जशीच्या तशी उघडत होती. सारा घोटाळा ह्यातच आहे. पूल पडला तर माणूस दुसऱ्या रस्त्याने जातो. पण पूल उभा आहे, फक्त त्याची तपासणी करणारा इंजिनियर नोकरी सोडून गेला आहे, हे वरून जाणाऱ्याला कसे कळावे? सॉफ्टवेअरमध्ये भगदाडे निघतच असतात. पाठिंबा असतो तोवर ती बुजविणारे कोणी तरी असते. पाठिंबा संपल्यावर भगदाड निघावयाचे थांबत नाही, बुजविणारा तेवढा नाहीसा होतो. पैसे घेऊन हे काम पुढे चालविणाऱ्या कंपन्या असतात, नाही असे नाही. पण वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाने त्यांचे बिल कोठून भागवावे?

भगदाड निघाले तर किती वेळ हाती असतो, ह्याचाही दाखला ह्याच सॉफ्टवेअरच्या इतिहासात आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर झाला. उपायही त्याच वेळी देण्यात आला. दोन आठवड्यांनी त्यांच्या सुरक्षा-मंडळाने सांगितले की, सूचना निघाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपले संकेतस्थळ परक्याच्या हाती गेले असे समजूनच चालावे. आपल्या घड्याळाने ती सूचना रात्री साडेनऊला निघाली आणि सात तास पहाटे साडेचारला संपले. म्हणजे आमच्या बेळगावातला संस्थाचालक जेवून झोपला आणि दूधवाला येण्यापूर्वीच सगळे आटोपले होते! आणि हे पाठिंबा चालू असताना. पुढे २८ मार्च २०१८ रोजी आणखी एक तितकाच गंभीर दोष निघाला. त्यात ड्रुपल ६ ही सापडले, आणि त्याचा पाठिंबा तर २४ फेब्रुवारी २०१६ लाच संपलेला होता.

इतके असूनही लोक का हलत नाहीत? आळस हे सोपे उत्तर झाले. खरे कारण असे की, ‘नवी आवृत्ती घाला’ असे कोणी म्हटले की आपल्याला वाटते, मोबाइलवर दाबतो तसे एक बटण दाबावयाचे आहे. ड्रुपलच्या बाबतीत ते खरे नव्हते. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली आठवी आवृत्ती आतून जवळजवळ नव्याने बांधलेली होती. सातवीवरचा मजकूर तिच्यात ओतता येतो, पण जोडीला घेतलेले सुटे भाग आणि पानांची सजावट जशीच्या तशी नेता येत नाही. नवे भाग शोधावे लागतात, सजावट पुन्हा करावी लागते. जुन्या घराला रंग देणे आणि नव्या घरी बिऱ्हाड हलविणे ह्यांत जो फरक आहे तो हा. बिऱ्हाड हलवावयाचे तर आधी माळ्यावर चढावे लागते, आणि माळ्यावर चढणे कोणाला नको असते.

माझे म्हणणे असे की, ह्या कामाची पहिली पायरी संगणकवाल्याची नसून हिशेबनिसाची आहे. वर्षअखेरीस आपण जुनी वही बंद करतो, तेरीज जुळवितो, आणि जुन्या वहीची अखेरची शिल्लक हीच नव्या वहीची आरंभीची शिल्लक म्हणून मांडतो. एक पैशाचा फरक आला तरी रात्र जागतो. संकेतस्थळाच्या स्थलांतरात मात्र ‘सगळे आले ना? आले’ एवढ्यावर काम भागविले जाते. तेथेही तेरीज हवी. जुन्या जागी पाने किती, चित्रे किती, जोडलेल्या फायली किती, सभासदांची खाती किती हे लिहून ठेवावे, आणि नव्या जागी तेवढेच आकडे आले की नाही हे ताडून पाहावे. आकडे जुळले म्हणजे सारे जुळले असे नव्हे, हे तेरीज शिकलेल्याला सांगावयास नको; म्हणून मधली काही पाने उघडून डोळ्यांखालूनही घालावी लागतात. आधी हे सारे एका नकलेवर करून पाहावे. प्रत्यक्ष हलविण्याच्या दिवसांत जुन्या ठिकाणी नवा मजकूर घालणे बंद ठेवावे, नाही तर बंद केलेल्या वहीत मागाहून नोंद घातल्यासारखे होते.

आणि सगळेच कशाला न्यावयाचे? दहा वर्षांपूर्वीच्या सहलीची ‘उद्या सकाळी सहाला जमावे’ ही सूचना नव्या घरी नेऊन काय करावयाचे आहे? उलट वार्षिक अहवाल, सभेचे ठराव, जुने अंक ह्यांना हात लावता कामा नये. हे ठरविणे संगणकवाल्याच्या कुवतीचे नाही. ते संस्थेतल्या जाणत्या माणसाने बसून ठरवावयाचे काम आहे, आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. जेमतेम दहा पानांचे संकेतस्थळ असेल तर मी पुढे जाऊन म्हणेन, असले सॉफ्टवेअरच नको. साधी, स्थिर पाने करून ठेवावीत. त्यांच्यामागे रोज राबणारी यंत्रणा नसते, म्हणून तिची मुदत संपण्याचीही चिंता नसते.

आता आपल्या भागाचा, दोन भाषांचा प्रश्न. मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इंग्रजीत चालणाऱ्या संस्थांना तो पडतच नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या आणि कन्नड मजकूर नुडी, बरह ह्यांसारख्या साधनांनी टंकला जात असे. त्या जुन्या फाँटांत संगणकाच्या पोटात मराठी किंवा कन्नड अक्षर नसतेच. तेथे असते इंग्रजी चिन्ह, आणि फाँट त्यावर आपल्या अक्षराचा मुखवटा चढवितो. फाँट काढला की मुखवटा गळतो आणि पानभर निरर्थक चिन्हे उरतात. जुन्या संकेतस्थळावरचा असा मजकूर नव्या जागी नुसता उचलून ठेवला तर तो ‘आला’ असे मोजणीत दिसेल, आणि वाचता मात्र कोणालाच येणार नाही.

त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती आंधळेपणाने वापरण्यासारखी नाहीत. जुन्या फाँटात ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे ह्याच्या उलट. ‘धर्म’ लिहिताना युनिकोडमध्ये ‘र’ हा ‘म’च्या आधी असतो, जुन्या फाँटात रफार ‘म’च्या नंतर. कन्नडमध्येही नेमकी हीच अडचण येते. तेथे त्या चिन्हाला अर्कावत्तु म्हणतात आणि ते अक्षराच्या उजवीकडे लिहितात. आपल्या मराठीत आणखी एक खोच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. रूपांतर करणाऱ्या साधनाला हा फरक शिकविलेला नसेल तर स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात दक्षिणा आचाऱ्यांना मिळावयाची ती आचार्यांना मिळेल! यंत्राने बदललेला मजकूर त्या त्या भाषेच्या माणसाने वाचलाच पाहिजे. आमच्यासारख्या महाविद्यालयात हे काम वाटून घेण्याची सोय आहे. मराठी विभागातली मुले मराठी वाचतील, कन्नड विभागातली कन्नड, आणि माझ्यासारखे दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे मध्ये बसून यादी जुळवतील.

दुसरी गोष्ट पानांच्या जोडीची. ड्रुपल ७ मध्ये दोन भाषांचे संकेतस्थळ पुरतेपणी चालविण्यासाठी मूळ सॉफ्टवेअरला बहुधा सुटे भाग जोडावे लागत, आणि पुष्कळ ठिकाणी मराठी सूचना हे एक पान आणि तिचे कन्नड भाषांतर हे दुसरे पान, असा संसार असे. आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिकत्व पुरतेपणी मूळ सॉफ्टवेअरमध्येच आले, आणि एकाच नोंदीची दोन भाषांतली दोन रूपे अशी मांडणी झाली. व्यवस्था चांगलीच झाली. आपल्यासारख्या सीमेवरच्यांना तर ती फार उपयोगाची. पण हलविताना दोन पानांची एक नोंद होते, तेव्हा एका पानाचा जुना क्रमांक मागे पडतो. मग कोणी तरी चार वर्षांपूर्वी जपून ठेवलेल्या दुव्यावर कन्नड सूचना शोधू जातो आणि त्याला ‘पान सापडत नाही’ एवढेच दिसते.

हा दुव्यांचा प्रश्न एका भाषेच्या संकेतस्थळांनाही आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारदरबारी आमच्या शहराच्या नावाचे इंग्रजी रूप बदलले. म्हणून काय जुने नाव घातलेले पत्र टपालखात्याने परत पाठविले? पोस्टमनला ठाऊक असते की हे आणि ते एकच. संकेतस्थळालाही असा पोस्टमन नेमता येतो. जुना पत्ता विचारला की नव्या पत्त्यावर नेऊन सोडावयाचे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी जुन्या आणि नव्या पत्त्यांची दोन रकान्यांची यादी लागते. कंटाळवाणे काम आहे खरे, पण तंत्राच्या दृष्टीने अवघड मुळीच नाही. ते वगळले की बाहेरच्या लोकांच्या लेखी संस्थेचा सारा जुना कागद जळून गेला. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. नवे संकेतस्थळ रंगीबेरंगी झाले, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाचा जो दुवा शाळाशाळांतल्या फलकांवर छापील चिकटविलेला होता तो अर्ज भरण्याच्या ऐन महिन्यात उघडेना. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘साइट नवीन केली आहे, शोधून घ्या.’ गावाकडच्या मुलीने कोठे शोधून घ्यावयाचे?

कोणी म्हणतील, एवढा उपद्व्याप हवा कशाला? फेसबुकवर पान काढावे, व्हॉट्सअॅपवर सूचना टाकावी. सूचनेपुरते ते ठीक आहे. पण दप्तर परक्याच्या घरात ठेवले की घरमालकाच्या मर्जीवर राहावे लागते. जिओसिटीज ह्या नावाने एके काळी असंख्य लोकांनी फुकट घरे थाटली होती. याहूने ती वसाहत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली.

राहिला पैशांचा प्रश्न, म्हणजे आमचा प्रांत. प्राप्तिकराच्या नियमांत संगणक आणि संगणकाचे सॉफ्टवेअर ह्यांवर ४० टक्के घसारा धरतात. हा दर एके काळी ६० टक्के होता. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साध्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे आणि सर्व्हरचे ६ वर्षे धरले आहे. अमूर्त मालमत्तेविषयीच्या २६ व्या लेखा मानकात तर स्पष्टच म्हटले आहे की, सॉफ्टवेअर तंत्राच्या बदलांमुळे लवकर कालबाह्य होते, म्हणून त्याचे आयुष्य थोडेच असण्याचा संभव. म्हणजे कायदा आणि हिशेबशास्त्र दोघांनीही ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. मी पाहिलेल्या लहान संस्थांच्या ताळेबंदांत मात्र संकेतस्थळ नावालाही आढळत नाही. ते कोणी तरी एकदा देणगी म्हणून करून दिलेले असते, किंवा ‘किरकोळ खर्च’ ह्या सदरात गडप झालेले असते. जी वस्तू वहीत नाही तिचा घसारा कोण काढणार, आणि ती बदलण्यासाठी पैसे कोण बाजूला ठेवणार?

येथे आमचे प्राध्यापक मला हटकतील की, पुढे करावयाच्या खर्चासाठी ‘तरतूद’ करता येत नाही, २९ वे मानक वाचा. वाचले आहे, सर. म्हणूनच मी तरतूद म्हणत नाही, निधी म्हणते. वर्षाच्या शिलकेतून थोडी रक्कम ‘संकेतस्थळ नूतनीकरण निधी’ ह्या नावाने वेगळी काढावी. इमारत निधी असतो, रौप्यमहोत्सव निधी असतो, मग हा का नसावा? चौदा वर्षे पुरलेल्या सॉफ्टवेअरवरच्या संस्थेने महिन्याला पाचशे रुपये जरी बाजूला टाकले असते तरी ८४ हजार रुपये जमले असते, आणि व्याज वेगळे.

पैशांहूनही मला माणसाची काळजी वाटते. अशी संकेतस्थळे बहुधा एखादा उत्साही विद्यार्थी करून देतो. पुढे तो पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला जातो, आणि परवलीचे शब्द त्याच्याबरोबर जातात. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणीही त्याच्याच खाजगी ई-मेलवर असते. त्याचा दोष नाही. जाताना त्याच्याकडून कोणी काही मागूनच घेतले नाही. तिजोरीच्या किल्ल्यांची पावती घेतल्याशिवाय आपण जुन्या खजिनदाराला मोकळे करीत नाही. मग ह्या किल्ल्या कोणत्या कपाटात आहेत, हे निदान सचिवांना तरी ठाऊक असावे.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हिशेबतपासनिसाच्या नेमणुकीखाली एक ओळ वाढवावी, एवढीच माझी सूचना आहे: ‘संकेतस्थळाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती व पाठिंब्याची अखेरची तारीख सभेस सांगणे.’ ड्रुपल ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहे तिच्याही आवृत्त्यांना अशाच तारखा आहेत. ७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, ८.१ ची ३१ डिसेंबर २०२५ ला. ८.२ साठी ३१ डिसेंबर २०२६ आणि ८.३ साठी ३१ डिसेंबर २०२७ ह्या तारखा ठरलेल्या आहेत. आमच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ ह्यांपैकी कोणत्या आवृत्तीवर उभे आहे, हे मी कार्यालयात लेखी विचारले आहे. उत्तर आल्यावर ते सूचनाफलकावर लावण्याची परवानगीही मागितली आहे.